पाचवा गडी

मराठीच्या प्राध्यापकाने शर्यतीच्या मैदानावर जाऊ नये. गेलाच तर प्रेक्षकांत उभे राहावे, भुईमुगाच्या शेंगा खाव्यात आणि टाळ्या वाजवून घरी यावे. पण आमच्या महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक ऐन हंगामात कावीळ होऊन अंथरुणाला खिळले आणि आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री शर्यतीला मुले घेऊन कोणी जायचे, असा प्रश्न पडला. प्राचार्यांनी स्टाफरूममधून एकवार नजर फिरवली. शहाणे होते ते चटकन पेपर तपासायला लागले. मी तेवढा वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो. अशा रीतीने मी धावपटूंचा संघव्यवस्थापक झालो.

शर्यत माणदेशाच्या बाजूला होती. पळणाऱ्यांच्या दृष्टीने हा मुलूख मोठा भाग्याचा. पाऊस नाही, सावली नाही, पण याच माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. तिथली पोरे तिचे नाव अशा थाटात घेतात, की जणू ती कालच समोरच्या बांधावरून गेली! आम्ही पहाटेच्या एस. टी. ने पोहोचलो तेव्हा ज्वारीच्या रानांतून, ओढ्याच्या कोरड्या पात्रातून नि एका टेकाडावरून चुन्याची रेघ ओढून ठेवलेली होती. माझ्यापाशी दोन डझन केळी, ग्लुकोजचा डबा आणि मलमपट्टीची पेटी एवढी सामग्री होती. ज्ञान मात्र शून्य.

आमचा एक मुलगा पहिला आला. मी आनंदाने अक्षरशः नाचलो. त्याला मिठी मारली, त्याचा फोटो काढून प्राचार्यांना पाठवला, त्याच्या हातात एकदम चार केळी दिली. ढाल आपलीच, असे मी धरून चाललो होतो. थोड्या वेळाने सांघिक निकाल पुकारला गेला. आमचे गुण दोनने जास्त होते, म्हणून ढाल दुसऱ्या महाविद्यालयाला! जास्त गुण होऊनही आपण हरलो कसे, हे विचारायला मी पंचांकडे निघालो, तेव्हा मुलांनीच मला आवरले. या खेळात जो जितक्या क्रमांकावर आला तितके त्याचे गुण. संघातल्या पहिल्या काही जणांच्या क्रमांकांची बेरीज करायची. बेरीज जितकी लहान तितका संघ मोठा. आमची बेरीज एका मुलापाशी फुगली होती. शेवटच्या टप्प्यात तो चालत आला होता.

तो बाभळीखाली बसला होता. बूट काढून ठेवलेले. बूट कोणाचे तरी मागून आणलेले असावेत, कारण ते त्याच्या पायापेक्षा एक माप मोठे होते आणि टाचेची सालडी निघाली होती. मी तरातरा गेलो नि म्हणालो, “अरे, दोन गुणांनी ढाल गेली! दोन गुणांनी! तू... काय रे नाव तुझं?”

त्याने खाली मान घालून नाव सांगितले. पुढे म्हणाला, “सर, मी तुमच्याच वर्गात आहे. तिसऱ्या बाकावर बसतो.”

दीड वर्ष तो माझ्या वर्गात होता. येताना एस. टी. त माझ्या मागच्याच बाकावर होता. मलमपट्टीची पेटी माझ्या खांद्याला लटकत होती, ती उघडायचेही मला सुचले नव्हते. परतीच्या वाटेवर सगळी पोरे एकमेकांच्या खांद्यांवर माना टाकून झोपली. मला झोप आली नाही.

ही गोष्ट मी विसरून गेलो असतो. आपल्याला लाजवणाऱ्या गोष्टी विसरण्यात शिक्षकाचा हात कोणी धरणार नाही. पण पुढच्या दिवाळीच्या सुटीत मी थोरल्या भावाकडे अमेरिकेला गेलो. दादा शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरात राहतो आणि त्याची मुलगी तिथल्या हायस्कुलाच्या क्रॉस कंट्री संघात पळते. एका शनिवारी आम्ही सगळे तिची शर्यत पाहायला एका विस्तीर्ण बागेत गेलो. थंडीने माझे कान गळून पडायचे बाकी होते. पोरी मात्र अर्ध्या चड्ड्यांत! शर्यत तीन मैलांची, म्हणजे पावणेपाच किलोमीटरांहून थोडी अधिक. आईबाप एका जागी बसत नाहीत. या वळणावर एकदा ओरडतात, मग आडवे पळत जाऊन पुढच्या वळणावर ओरडतात. पळणाऱ्यांइतकेच पाहणारेही घामाघूम.

आमची पुतणी त्रेसष्टावी आली. आता काय बोलावे, या विचारात मी होतो, तोच दादा नि वहिनी तिला मिठ्या मारू लागले आणि तिच्या मैत्रिणी तिच्याभोवती उड्या मारू लागल्या. त्रेसष्टावी येऊन एवढा आनंद? मला वाटले, सुबत्तेने या लोकांची बुद्धी फिरली.

“तसं नाही, काका,” ती धापा टाकत म्हणाली, “मी टीममध्ये पाचवी आले!”

मग तिने मोटारीत बसल्या बसल्या एका लिफाफ्याच्या पाठीवर मला गणित घालून दाखवले. तिथल्या शाळांच्या मोठ्या स्पर्धांत एका संघाचे सात जण उतरतात. गुण धरायचे पहिल्या पाचांचे. समजा, एका शाळेची मुले पहिली, दुसरी, तिसरी आली. केवढी वाहवा! पण त्यांचा चौथा तिसावा आणि पाचवा पंचेचाळिसावा आला, तर बेरीज होते ८१. दुसऱ्या शाळेचे कोणी पहिल्या दहांतही नाही. बारा, चौदा, पंधरा, सतरा, एकोणीस असे सगळे मधल्या गर्दीत. बेरीज ७७. ढाल त्यांची! सहावा नि सातवा यांना गुण नाहीत, पण ते प्रतिस्पर्ध्याच्या चौथ्या-पाचव्याच्या पुढे गेले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. आणि दोन संघांची बरोबरी झाली तर निकाल लागतो तो दोघांच्या सहाव्या गड्यावरून. म्हणजे ज्याच्या नावाने कोणी टाळी वाजवीत नाही, त्याच्या पायांवर सगळा हिशेब उभा! तो लिफाफा मी अजून जपून ठेवला आहे.

त्याच संध्याकाळी दादाने जो न्यूटन या गृहस्थाची गोष्ट सांगितली. न्यूटन आता नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात ८८ व्या वर्षी ते गेले. पण त्यांची शाळा, एल्महर्स्ट गावातले यॉर्क हायस्कूल, त्याच भागात आहे. १९५६ साली ते या शाळेत आले आणि २०१६ चा हंगाम संपवून निवृत्त झाले. साठ वर्षे एकच शाळा! १९६२ साली त्यांच्या मुलांनी इलिनॉय राज्याचे क्रॉस कंट्रीचे अजिंक्यपद पहिल्यांदा मिळवले आणि त्यांच्या हयातीत अशी अठ्ठावीस अजिंक्यपदे झाली. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकपूर्वी इंग्लंडचा सेबॅस्टियन को त्यांच्याकडे येऊन सराव करून गेला, आणि पुढे तिथे त्याने पंधराशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले.

हे ऐकून कोणालाही वाटेल, की या माणसापाशी काही गुप्त विद्या असली पाहिजे. नव्हती. त्यांनी पुस्तके लिहिली, सगळे वेळापत्रक त्यांत छापून टाकले. गुपित छापून टाकल्यावरही शेजारच्या शाळांना जिंकता येईना, तेव्हा ते गुपित वेळापत्रकात नव्हते हे उघड आहे.

न्यूटन कोणालाही संघातून काढीत नसत. इतर खेळांत निवड होते, बारा-पंधरा ठेवतात नि बाकीच्यांना घरी पाठवतात. यॉर्कमध्ये जो येईल तो पळेल. त्यामुळे दीडशे-दोनशे मुले हिरव्या बनियनांत रस्त्याने पळत निघत. त्या रांगेला लोक ‘लांबलचक हिरवी रेघ’ म्हणू लागले. आणि दररोज सराव संपला, की प्रत्येक मुलाने न्यूटनसाहेबांपाशी यायचे, हस्तांदोलन करायचे, मगच घरी जायचे. पहिला असो की दोनशेवा. एकेकाला दहा सेकंद धरली तरी अर्धा तास होतो. थकलेला, साठी-सत्तरी उलटलेला माणूस थंडीत अर्धा तास नुसते हात हातात घेत उभा राहतो! मुलांना ते नावाने ओळखत, वर बहुतेकांना एकेक टोपणनावही ठेवीत. हे मी ऐकले तेव्हा मला ती बाभळ आठवली.

ते संत नव्हते. शिस्त कडक, आवाज मोठा, अंगात थोडा लष्करी ताठा. त्यांच्यावरचा एक चित्रपट २००८ साली निघाला, २००५ च्या हंगामावर. दादाने तो मला दाखवला. त्यात ते मुलांवर असे काही डाफरतात, की आमच्याकडचे जुने मास्तर आठवावेत. त्या हंगामात संघाची दोन चांगली मुले शाळेने काढून टाकली. दुसरी एखादी शाळा तिथेच मोडून पडली असती. इथे मागे दोनशे होती. पण माझ्या लक्षात राहिला तो सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा. त्याचा पाय नीट उचलत नाही. तोही त्याच संघात, त्याच हिरव्या बनियनात, सगळ्यांच्या मागून येतो. क्रमांकांच्या हिशेबात त्याचा उपयोग नाही. मग त्याला का ठेवला? मला वाटते, ज्या मैदानावर त्याच्यासाठी थांबतात, तिथे पाचव्या-सहाव्याला आपण फुकट पळतो आहोत असे कधी वाटणार नाही.

आता थोडे त्या वेळापत्रकाविषयीही सांगितले पाहिजे, नाहीतर वाचक म्हणतील, हात हातात घेऊन कोणी पळायला लागते काय! लांब पल्ल्याचे पळणे ही सावकाश पिकणारी गोष्ट आहे. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड नावाचे एक प्रशिक्षक होते. आपल्या आसपासची मुले घेऊन त्यांनी डोंगराच्या रस्त्यांवर आठवड्याला शंभर-शंभर मैल पळवले आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांतल्या पीटर स्नेल नि मरे हॅलबर्ग यांनी एकाच दिवशी दोन सुवर्णपदके घेतली. शाळकरी मुलांना शंभर मैल झेपायचे नाहीत. पण तत्त्व तेच. आधी महिनोन् महिने हलके पळणे. हलके म्हणजे किती? तर शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतके. बोलताना धाप लागली, की वेग जास्त झाला. अशा पळण्याने हृदय एका ठोक्याला अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. हे आठवड्यात होत नाही, म्हणून अमेरिकेतली मुले उन्हाळ्याच्या सुटीतच सुरुवात करतात. मग चढ. मग ठरावीक अंतर जोरात पळून थोडे सावरायचे नि पुन्हा पळायचे. शर्यत आठवड्यावर आली, की उलट कमी करायचे; आणि नेमके इथेच बहुतेक प्रशिक्षकांचे चुकते, कारण त्यांना भीती वाटते.

आमच्याकडे क्रम उलटा. वर्षभर काही नाही. शर्यत जाहीर झाली, की पंधरा दिवस मुलांना मरेमरेतो पळवायचे! माझा संघही तसाच गेला होता.

गप्पा मारत पळायचे तर सोबती हवा. न्यूयॉर्क राज्यातल्या फेएटव्हिल-मॅनलियस या शाळेत बिल एरिस यांनी मुलींना अशी घोळक्याने पळायची सवय लावली. शर्यतीतही त्या जवळजवळ राहतात, एक मागे पडू लागली तर दुसरी तिला ओढते. २००६ ते २०१२ ओळीने सात वर्षे या मुलींनी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पहिली कोण नि पाचवी कोण, हे पाहणाऱ्याला सांगता येऊ नये, ही तिथली खरी कमाई.

१९८८ साली न्यूटनना अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाबरोबर सोलला नेले; शाळेतल्या प्रशिक्षकाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. त्याच सोलमध्ये पंधराशे मीटरचे सुवर्णपदक केनियाच्या पीटर रोनोने मिळवले, आणि तोही एका शाळामास्तराचाच चेला होता, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

हे मास्तर म्हणजे ब्रदर कॉम ओकॉनेल. मूळचे आयर्लंडचे. १९७६ साली केनियातल्या इटेन गावी सेंट पॅट्रिक्स हायस्कुलात भूगोल शिकवायला आले. थोडे दिवस राहून परतायचा बेत होता. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे चोवीसशे मीटर उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून हजार मीटर वर. हवा विरळ, माती तांबडी. पळण्याच्या प्रशिक्षणाचे त्यांना काडीचे शिक्षण नव्हते. शाळेत आधी पीटर फॉस्टर नावाचे इंग्रज शिक्षक मुलांना पळवीत; ते गेल्यावर काम यांच्या गळ्यात पडले. (स्टाफरूममध्ये तेही वर्तमानपत्र वाचीत बसले असतील काय?) पुस्तकी ज्ञान नसल्यामुळे त्यांना एकच करता आले: मुलांकडे पाहणे आणि त्यांना विचारणे. कोणाचा खांदा वर उचलतो, कोण पळताना गप्प होतो. रोनो, विल्सन किपकेटर त्या शाळेतून निघाले. पुढे डेव्हिड रुडिशा त्यांच्याकडे शिकला आणि २०१२ साली लंडनला त्याने आठशे मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. विजेत्यांसाठी शाळेच्या आवारात झाडे लावायची पद्धत आहे. आमच्याकडे ढालींसाठी काचेचे कपाट असते. झाडाला निदान पाणी तरी घालावे लागते.

उंचीवरची हवा, लहानपणी शाळेपर्यंत पायी जाणे, ही कारणे लोक सांगतात आणि ती खोटी नाहीत. पण उंच गावे जगात पुष्कळ आहेत.

यात धोकाही आहे, तो लपवू नये. शाळेतल्या ढालीसाठी वाढत्या वयाच्या मुलांना पिळून काढणारे प्रशिक्षक सगळ्याच देशांत आहेत. हाडे पक्की व्हायच्या आत अंतर वाढवले, तर पोटरीच्या नळीला बारीक चिरा जातात. वजन घटवले की वेग वाढतो, असे मुलींच्या डोक्यात भरवले, की त्या जेवण सोडतात. रक्तातले लोह आधीच कमी, पाळी थांबते, आणि दोन वर्षांत ती मुलगी मैदानावरून नाहीशी होते. पुतणीच्या संघातल्या एका मुलीचे असे झाले होते. नव्या बाईंनी आल्या आल्या वजनकाटाच उचलून नेला. पंधराव्या वर्षी राज्यात पहिली आलेली मुलगी पंचविसाव्या वर्षी पळते आहे की नाही, हे विचारायची कोणाला सवय नाही.

सुटी संपवून मी परत आलो. क्रीडाशिक्षक बरे झाले होते. मी सकाळी मैदानावर येऊ का, असे विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे कावीळ आता मला झाल्यासारखे पाहिले. पण ‘या’ म्हणाले. वेळापत्रक त्यांचे, मी फक्त शेवटी फाटकापाशी उभा राहतो. प्रत्येकाने हात मिळवायचा, नाव सांगायचे, मग जायचे. पहिले आठ दिवस पोरे फिदीफिदी हसली. खेड्यातला मुलगा हात पुढे करतो तो अर्धाच, आणि बघतो भलतीकडे. मुली हात देत नाहीत. त्या नमस्कार करतात आणि नाव मात्र ठणठणीत सांगतात.

बाभळीखालचा मुलगा त्यांत नव्हता. एक दिवस ग्रंथालयाच्या दारात मीच त्याला गाठले नि नावाने हाक मारली. तो दचकला.

“पळायला का येत नाहीस रे?”

“सर, सकाळी डेअरीवर असतो. दूध घालायला येतात ना, मापं घेतो मी. सातपर्यंत.”

“मग त्या वर्षी सराव केव्हा करायचास?”

“डेअरीवरून घरी पळतच जायचो,” तो म्हणाला. “तेवढाच.”

डेअरी ते त्याचे गाव सहा किलोमीटर. रोज, चपलांवर.

सातनंतर मैदान क्रिकेटवाल्यांचे. सरावाची वेळ बदलता येईना. शेवटी तोड निघाली ती पोरांनीच काढलेली: दोघे जण सराव संपल्यावर मागे थांबतात, सव्वासातला तो आला की तिघे मिळून ओढ्याच्या वाटेने जातात. गप्पा मारत. क्रीडाशिक्षकांनी जिमखान्याच्या पैशांतून त्याला बूट आणून दिले. मापाला पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ काढली होती. मीही फाटकापाशी आठपर्यंत थांबू लागलो. पहिल्या तासाला उशीर होतो, त्याबद्दल प्राचार्यांचे एक पत्र आले आहे.

यंदाची शर्यत नदीकाठच्या एका गावी झाली. ढाल याही वेळी दुसऱ्याच महाविद्यालयाने नेली, आम्ही चौथे. आमचा पहिला गडी यंदा सातवा आला. मी शेवटच्या वळणावर उसाच्या बांधावर उभा होतो. तो आला तेव्हा त्याच्या पुढे दोघे होते आणि दोघांनाही त्याने रेघेच्या आत मागे टाकले. थोडा वेळ गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. मग सरळ माझ्याकडे आला, हात पुढे केला आणि नाव सांगितले. त्याचा तळहात घामाने नि मातीने भरलेला होता. मी खिशातून कागद काढला आणि एकतीस या आकड्यापुढे ते नाव लिहून घेतले. त्याचा आकडा बेरजेत धरायचा होता.